रेडिओचा आवाज तुटतो, तो संगणक जुना म्हणून नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हौशी रेडिओकडे वळणाऱ्या मुंबईकर मुलामुलींची सुरुवात आता बहुधा लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या बोटभर डोंगलने, म्हणजे यूएसबीला लावायच्या रिसीव्हरने, होते. तो संगणकाला जोडायचा, एखादे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचे आणि कान लावायचा. थोड्याच वेळात आवाज तुटायला लागतो, पडद्यावरचा वॉटरफॉल, म्हणजे लहरींचे सरकते चित्र, अडखळतो. विचारायला जावे तर दुकानापासून इमारतीतल्या जाणकारापर्यंत उत्तर एकच मिळते : संगणक जुना आहे, नवा घ्या. हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. त्यापायी एक तर पैसे वाया जातात किंवा डोंगल खणात पडून राहतो आणि शिकायची उमेद जाते. म्हणून हे सविस्तर पत्र.

जुन्या रेडिओ संचात कॉइल, फिल्टर आणि डिटेक्टर जे काम करत, ते एसडीआरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओत, संगणक आकडेमोडीने करतो. बाजारातला स्वस्त डोंगल मुळात संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनला. त्यातली आरटीएल२८३२यू ही चिप लहरींचे कच्चे नमुने जसेच्या तसे बाहेर देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि साधारण २४ ते १,७०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकणारा रेडिओ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. हा डोंगल सहसा सेकंदाला २४ लाख नमुने देतो. प्रत्येक नमुन्याचे दोन बाइट, म्हणजे सेकंदाला ४८ लाख बाइट. यूएसबी २.० ची क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट. त्यातले आपण ३८ वापरतो. दहा वर्षांपूर्वीच्या दोन कोअरच्या प्रोसेसरलाही हे ओझे जड नाही. अडचण ओझ्याची नसतेच, ती वेळेवर हजर राहण्याची असते.

पालिकेच्या नळाला पाणी येते त्या वेळचे घर आठवा. नळ आपल्या सोयीने थांबत नाही. पाणी पिंपात पडत राहते आणि आपण ते काढून घेत राहतो. क्षणभर दुसरीकडे गेलो तर पिंपामुळे निभावते. जास्त वेळ गेलो तर पिंप ओसंडते आणि सांडलेले पाणी परत येत नाही. डोंगल हा असा नळ आहे. आरटीएलच्या मूळ मांडणीत हे पिंप १५ बफरांचे, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या कप्प्यांचे, प्रत्येकी २,६२,१४४ बाइटचे असते. २४ लाखांच्या दराने त्यात जेमतेम ०.८ सेकंदाचा साठा मावतो. दुसरे पिंप साउंड कार्डाच्या बाजूला असते आणि तिथे प्रकार उलटा : खालची तोटी कायम उघडी. ते रिकामे पडले की आवाजात कटकट येते. हे दुसरे पिंप बरेच लहान, पुष्कळदा ५० ते १०० मिलिसेकंदांचेच असते. कोणते पिंप दगा देते आहे हे ओळखल्याशिवाय उपाय करायला गेलात तर संध्याकाळ सेटिंग चाळण्यात जाते.

ओळखायची रीत सोपी आहे. आवाज तुटेल त्या क्षणी वॉटरफॉलकडे पाहा. त्यातही आडवी भेग किंवा उडी दिसली, तर पहिले पिंप, म्हणजे यूएसबीची बाजू. वॉटरफॉल संथ वाहतो आहे आणि फक्त आवाज तडकतो, तर दुसरे. खात्री करायची असेल तर डोंगलच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे ‘आरटीएल टेस्ट’ हे छोटे साधन २४ लाखांच्या दराने पाच मिनिटे चालवा. त्या वेळी दुसरे रेडिओ सॉफ्टवेअर बंद ठेवा. सुरुवातीला बाइट गळाल्याची एखादी ओळ आली तर ती सोडून द्या. तशा ओळी येतच राहिल्या तर दोष यूएसबीत आहे, रेडिओ सॉफ्टवेअरचा त्यात संबंध नाही.

यूएसबीचा दोष बहुतेकदा दिसण्यातलाच असतो. डेस्कटॉपच्या पुढच्या तोंडाचे पोर्ट आतल्या बारीक वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात. डोंगल सुमारे ३०० मिलिअँपिअर ओढतो आणि तेवढ्यात तिथला विद्युतदाब पडतो. डोंगल मागच्या पोर्टला लावा. वेबकॅम, बाहेरची हार्ड डिस्क आणि डोंगल स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या एकाच हबवर कधीही नको. एक्स्टेन्शन केबल एक-दीड मीटरची, जाड आणि शिल्ड असलेली घ्या. वायर जोडजोडून पाच मीटरच्या पुढे नेली तर यूएसबी २.० ची मर्यादाच ओलांडली जाते. गच्चीवरच्या अँटेनापासून खोलीपर्यंत यूएसबी ओढू नका, अँटेनाची कोअॅक्स वायर आणा. डीटीएचची ७५ ओहमची आरजी-६ वायर ऐकण्यासाठी उत्तम चालते. ५० ओहमच्या डोंगलशी न जुळल्याने होणारे नुकसान ०.२ डेसिबलच्या आसपास, म्हणजे नगण्य. उलट सहज मिळणाऱ्या बारीक आरजी-५८ पेक्षा तिच्यातली गळती बरीच कमी. पावसाळ्याआधी बाहेरचा प्रत्येक जोड स्वतःला चिकटणाऱ्या रबरी टेपने गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. आकाशात वीज दिसली की वायर काढून ठेवायची, यात हयगय नको.

विंडोजवर ड्रायव्हरचा एक हमखास घोळ होतो. डोंगल लावताच विंडोज त्याला टीव्ही समजून स्वतःचा ड्रायव्हर बसवते. ‘झॅडिग’ हे ड्रायव्हर बदलण्याचे साधन उघडून सर्व उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडा, यादीत ‘बल्क-इन, इंटरफेस ०’ शोधा आणि त्यालाच ‘विनयूएसबी’ द्या. चुकून माउस किंवा कीबोर्डच्या नावावर हे केले तर तेच बंद पडतील, म्हणून नाव दोनदा वाचा. डोंगल दुसऱ्या पोर्टला लावल्यावर दिसेनासा झाला तर घाबरू नका, त्या पोर्टसाठी हीच कृती पुन्हा करावी लागते. लिनक्सवरही कर्नेलमधला टीव्हीचा ड्रायव्हर डोंगल आधीच बळकावून बसतो. त्याला ब्लॅकलिस्टच्या फाइलमध्ये टाकून संगणक पुन्हा सुरू केला की वाट मोकळी होते.

आता सॉफ्टवेअरकडे. नवशिके सगळे आकडे वरच्या टोकाला नेऊन ठेवतात आणि तिथेच फसतात. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने, ३२ लाखांपर्यंत जातो म्हणून तो तिथे ठेवायचा नसतो. २४ लाखांच्या वर बहुतेक संगणकांवर नमुने गळतात. एक बातचीत ऐकायची असेल तर १०.२४ लाख पुरतात, अडीच लाखही चालतात. ३ ते ९ लाखांच्या मधले दर मात्र ही चिप घेतच नाही, तिथे खटपट करू नका. २४ मेगाहर्ट्झच्या खालचे शॉर्टवेव्ह आणि मध्यमलहरी ऐकायला डोंगलचा ‘डायरेक्ट सॅम्पलिंग’ हा वेगळा पर्याय किंवा जोड-उपकरण लागते. तिथे दर २४ लाख ठेवून ‘डेसिमेशन’ (नमुने गाळून कमी करणे) ८ केले तर दुहेरी फायदा : पुढची आकडेमोड ३ लाखांवर येते आणि गोंगाटही सुमारे ९ डेसिबलने खाली जातो. आठ बिटांच्या डोंगलला हे मोठे वरदान आहे, आणि तरीही हे सेटिंग फार थोडे जण उघडून पाहतात.

वॉटरफॉलचा एफएफटी, म्हणजे पट्ट्याचे किती रेघांत तुकडे पाडायचे तो आकडा, ६५,५३६ वर ठेवण्याची हौस तर अनाकलनीय आहे. लॅपटॉपचा पडदा १,३६६ ठिपके रुंद. पासष्ट हजार रेघा त्यावर दिसणार कुठे? ८,१९२ ठेवले तर २४ लाखांच्या दराला प्रत्येक रेघ २९३ हर्ट्झची पडते आणि २.७ किलोहर्ट्झचा एसएसबी (हौशी रेडिओवर बोलण्याची एक पद्धत) आवाज शोधायला ती पुरेशी आहे. चित्र सेकंदाला ६० ऐवजी १५ वेळा रंगवा. जुन्या अंगभूत ग्राफिक्सवर हे दोन बदल जेवढा फरक पाडतात तेवढा दुसरा कोणताही नाही.

दुसऱ्या पिंपाचा विकार सूक्ष्म आहे आणि नव्या कोऱ्या लॅपटॉपलाही होतो. एखादा ड्रायव्हर काही मिलिसेकंद प्रोसेसर अडवून धरतो, तेवढ्यात आवाजाचे पिंप रिकामे होते. ‘लेटन्सीमॉन’ हा मोफत प्रोग्रॅम दहा मिनिटे चालवा. कोणता ड्रायव्हर अडवतो हे तो नावानिशी सांगतो. एनडीआयएस दिसले तर नेटवर्क, आणि त्यात बहुधा वाय-फाय. एसीपीआय दिसले तर बॅटरी आणि वीजव्यवस्थापन. बाकी बऱ्याचदा ग्राफिक्स कार्ड. डिव्हाइस मॅनेजरमधून वाय-फाय पाच मिनिटे बंद करून ऐका. आवाज सुधारला तर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्या, नाहीतर इंटरनेटसाठी लॅनची वायर वापरा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ‘एन्हान्समेंट’ बंद करा आणि स्पीकर व आभासी केबल (एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्याला देणारी), दोन्हींचा दर ४८,००० हर्ट्झ ठेवा. एक ४४,१०० आणि दुसरा ४८,००० असेल तर संगणक मध्ये रूपांतर करत बसतो. ब्लूटूथ इअरफोन या कामाला अजिबात नकोत, वायरचा हेडफोन घ्या. एवढे करूनही तडतड राहिली तर सॉफ्टवेअरमधला ऑडिओ बफर २०० मिलिसेकंदांपर्यंत वाढवा.

अर्ध्या तासाने एकदाच ‘टक्’ असा आवाज येत असेल तर संगणकाला दोष देऊ नका. डोंगलचे घड्याळ आणि साउंड कार्डाचे घड्याळ वेगवेगळे असते. दोन्हींत ५० पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत ५० चा, फरक असेल तर ४८,००० च्या दराला सेकंदाला २.४ नमुन्यांची तूट पडते आणि १०० मिलिसेकंदांचे पिंप साधारण ३३ मिनिटांत रिते होते. संगणक कितीही महाग घेतला तरी हे टळणार नाही.

वीज आणि उष्णता यांचे नाते मुंबईत नीट समजून घ्यायला हवे. विंडोजचा ‘बॅलन्स्ड’ पर्याय प्रोसेसरला घडोघडी झोपवतो आणि उठवतो; रेडिओ चालू असताना ‘हाय परफॉर्मन्स’ ठेवा आणि त्याच्याच प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. पहिली वीस मिनिटे सगळे छान आणि मग आवाज तुटू लागला, तर कारण उष्णता. मे महिन्यात गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपचा प्रोसेसर ९५-१०० अंशांवर जातो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पंख्यातली धूळ काढा, चार-पाच वर्षांत बदलली नसेल तर थर्मल पेस्ट बदला, लॅपटॉप टेबलावर घ्या आणि खाली मागच्या बाजूला दोन बुचे ठेवून हवेला वाट द्या. डोंगलही तापतो. टीसीएक्सओ (तापमानाने फारसे न ढळणारे घड्याळ) नसलेल्या स्वस्त डोंगलची फ्रिक्वेन्सी तापल्यावर सरकते. ५० पीपीएमने सरकली तर १४५ मेगाहर्ट्झवर सव्वासात किलोहर्ट्झ होतात आणि एफएमवरचा माणूस फाटक्या आवाजात बोलू लागतो. डोंगल दहा-पंधरा मिनिटे गरम होऊ द्या आणि मगच पीपीएमची दुरुस्ती लावा.

लॅपटॉपवाल्यांची एक खरी कोंडी आहे. चार्जर लावला की शॉर्टवेव्हवर घरघर, काढला की विंडोज वेग कमी करते आणि आवाज तुटतो. आधी बॅटरीवरच्या वापरासाठीही ‘हाय परफॉर्मन्स’ लावून घ्या आणि बॅटरीवर ऐका. घरघर गेली तर ती चार्जरची होती. चार्जरची वायर ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या फेराइट कड्यातून १० ते १२ वेळा फिरवा. चाप लावून बसणारा छोटा मणी एकदाच वायरवर अडकवून शॉर्टवेव्हवर फारसा उपयोग होत नाही, कारण अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेढे दुप्पट, अडथळा चौपट. लॅमिंग्टन रोडवर खोक्यात मिळणाऱ्या बिनखुणेच्या कड्यांचे मिश्रण कोणते ते कळत नाही, तेव्हा एक घेऊन तपासा आणि मगच आणखी घ्या. घरघर बॅटरीवरही राहिली तर घरातले एलईडी दिवे, राउटरचा अॅडॉप्टर, इमारतीची लिफ्ट असे एकेक तपासत जा. आपला फ्लॅट मेन स्विचने दोन मिनिटे बंद करून बॅटरीवर ऐकणे, हा सर्वांत लवकर उत्तर देणारा प्रयोग आहे.

संगणकाच्या नावावर खपणारा आणखी एक दोष म्हणजे दणदणीत स्टेशनांची दडपणूक. मालाड-मालवणीच्या बाजूला राहणाऱ्यांनी आकाशवाणीची ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झची मध्यमलहरी केंद्रे लक्षात ठेवावीत. डायरेक्ट सॅम्पलिंगवर डोंगल त्यांच्यापुढे गुदमरतो आणि पट्ट्यात जागोजागी भलतीच स्टेशने उगवतात. मध्यमलहरी अडवणारा फिल्टर लावा. व्हीएचएफवर तोच त्रास ८८ ते १०८ मेगाहर्ट्झची एफएम केंद्रे देतात, त्यासाठी वेगळा फिल्टर मिळतो. गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, शेवटपर्यंत नेऊ नका. पार्श्वभूमीचा गोंगाट वर सरकू लागला की तिथेच थांबा.

ज्यांना एफटी८, म्हणजे संगणकाने पाठवले जाणारे छोटे लेखी संदेश, ऐकायचे आहे त्यांच्यासाठी घड्याळ हाच निम्मा रेडिओ आहे. ही पद्धत १५ सेकंदांच्या ठोक्यावर चालते. त्यातले १२.६४ सेकंद संदेशाचे, उरलेल्या सव्वादोन-अडीच सेकंदांत संगणकाने उलगडा करायचा. जुन्या प्रोसेसरवर हा उलगडा करणाऱ्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीप’ ऐवजी ‘फास्ट’ निवडा. घरगुती संगणकाचे घड्याळ २० पीपीएमने चुकले तरी दिवसाला १.७ सेकंद होतात, आणि विंडोज स्वतःहून ते पुरेशा वेळा जुळवत नाही. इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारा एनटीपीचा छोटा प्रोग्रॅम बसवा. जुन्या डेस्कटॉपचे घड्याळ दर वेळी सुरू करताना मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला आहे, तो बदलला की प्रश्न मिटतो. आणि वर सांगितलेला बफर वाढवण्याचा उपाय इथे जपून करा : प्रत्येक बफर संदेशाला उशीर करतो, आणि ‘डीटी’च्या (वेळेतल्या फरकाच्या) रकान्यात सगळीच स्टेशने एका बाजूला अर्ध्या सेकंदाहून जास्त सरकलेली दिसली तर तो उशीर तुमच्याच संगणकातला आहे.

या पद्धतीची ४० मीटरच्या पट्ट्यातली वर्दळ ७.०७४ मेगाहर्ट्झवर असते, अंधार पडल्यावर ऐका. त्याच्या अगदी शेजारी, ४२.३४ मीटरवर, म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झवर, १९४२ साली स्वातंत्र्यसैनिक उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भूमिगत काँग्रेस रेडिओ याच शहरातून बोलत होता. मुंबईतल्या मुलांनी डोंगल लावल्यावर हा आकडा एकदा तरी पडद्यावर आणावा, असे मला मनापासून वाटते.

रेकॉर्डिंगबद्दल थोडक्यात. २४ लाखांच्या दराने १६ बिटांची फाइल तासाला सुमारे ३४.६ गीगाबाइट खाते. पेनड्राइव्ह एफएटी३२ चा असेल तर ४ गीगाबाइटची मर्यादा साडेसात मिनिटांच्या आत गाठली जाते आणि फाइल तिथेच थांबते. तो एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या. संगणकावर पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च एसएसडीवर करा, दुसरा मेमरीवर, आणि तीही ८ गीगाबाइटची एक पट्टी घेण्याऐवजी ४ च्या दोन, म्हणजे अंगभूत ग्राफिक्सला मेमरीच्या दोन्ही वाटा मिळतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून अनेक कार्यालये धडधाकट संगणक भंगारात काढत आहेत. त्यांवर लिनक्स मिंट आणि एसडीआर प्लस प्लस किंवा जीक्यूआरएक्स हे रेडिओ सॉफ्टवेअर उत्तम चालते. शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान मंडळांनी असे संगणक मागून घ्यावेत. एका डोंगलवर आणि एका टाकाऊ डेस्कटॉपवर वर्गातल्या साऱ्या मुलांना अवकाश स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झवरचा आवाज ऐकवता येतो. डोंगल फक्त ऐकतो. बोलायचे असेल तर केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. ती अवघड नाही.

विक्रेत्यांना एक विनंती. डोंगल विकताना तो गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपला दुकानातच लावा, ‘आरटीएल टेस्ट’ पाच मिनिटे चालवा आणि पडद्यावर काय आले ते त्याला दाखवा. नमुने गळत नसतील तर तो लॅपटॉप बदलायची गरज नाही, एवढे त्याला तिथेच सांगा.

आपला,
एक परवानाधारक हौशी रेडिओचालक
मुलुंड (पूर्व), मुंबई